भरलेला डबा

"इनके लिए अलग प्लेट ले आइए," मॅडम वेटरला म्हणाल्या. हसत म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून मराठीत, अगदी मायेने, "तुला बरं पडेल गं."

टेबलावर मधोमध पितळेची मोठी परात होती. त्या हॉटेलची पद्धतच तशी. वेगळी ताटं नाहीत. सगळ्यांनी एकाच परातीत हाताने जेवायचं. नुसत्या भाज्या, भरड धान्यं, मातीशी नातं वगैरे. ते सांगताना वेटरचा आवाज हळवा झाला होता. मेहरौलीतली जुनी हवेली, गच्चीवर हिवाळ्यातलं दुपारचं ऊन, समोर कुतुबमिनार. गुरुग्रामच्या ऑफिसातून मॅडम आम्हाला जेवायला घेऊन आलेल्या. माझा हात परातीजवळ पोचला होता, तेवढ्यात ते वाक्य आलं.

पांढरी प्लेट आली. मॅडमनी मला स्वतः वाढलं. चमचा वर धरून, प्लेटला लागू न देता. मग त्यांनी परातीत हात घातला आणि बाकीच्यांबरोबर जेवायला सुरुवात केली.

थोड्या वेळापूर्वीपर्यंत मी त्यांची 'आपली' होते.

मॅडम पुण्याच्या, आमच्या विभागाच्या प्रमुख. रुजू झाल्या त्या दिवशी माझं आडनाव ऐकून म्हणाल्या, "अगंबाई, मराठी!" माझं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. दिल्लीत त्यावरून कुणाला काही कळत नाही आणि मराठी माणसालाही लगेच अंदाज येत नाही. तेव्हापासून मॅडम माझ्याशी मराठीतच बोलायच्या. मी दिल्लीतच, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली. वडील केंद्राच्या एका मंत्रालयात शिपाई. घराबाहेर कायम हिंदी. ऑफिसात कुणीतरी 'अगं' म्हणतंय याचंच मला अप्रूप. टीम लीडरची जागा रिकामी होती आणि ती मला द्यायची असं मॅडमनी वर कळवलं होतं. त्या दिवशी जेवताना ते जाहीर होणार होतं. म्हणून मी नवी साडी नेसून गेले होते.

परातीत बथुआ होता. तो बघून मॅडम जवळजवळ ओरडल्याच, "अगं, हा तर आपला चाकवत!"

"आई अजून करते," मी म्हटलं. "ताक लावून, लसणाची फोडणी देऊन."

"वा! कुलदैवत कुठलं गं तुमचं?"

हा प्रश्न मराठी माणूसच विचारणार. आडनावावरून थांग लागला नाही की कुलदैवत. दिल्लीवाले सरळ विचारतात, 'आप लोग क्या होते हो?' तिथे मी सावध असते, विषय बदलते. मराठीत सावध राहायचं मला सुचलंच नाही.

"कुलदैवत नाही आमच्याकडे. आम्ही बौद्ध."

"अच्छा," मॅडम म्हणाल्या. जरा थांबून परत, "अच्छा, अच्छा."

आणि मग ती प्लेट.

मी जेवले. मान खाली घालून त्याच प्लेटमध्ये जेवले. एवढी शिकले, एवढी वर्षं नोकरी केली आणि हात आपोआप प्लेटकडे वळला. कुणी शिकवावं लागलं नाही. मला माझीच किळस आली. चाकवताचा घास तोंडात फिरत राहिला.

कारण ही भाजी माझ्या ओळखीची होती.

लहानपणी आर. के. पुरममध्ये आमच्या ब्लॉकमागे मोकळी जागा होती. थंडीत तिथे बथुआ माजायचा. आई तो खुडून आणायची. पुढच्या ब्लॉकमध्ये मोठ्या क्वार्टरमध्ये एक मराठी अधिकारी राहायला आले. त्यांच्या बाईंनी संक्रांतीला सगळ्या मराठी बायकांना तिळगुळाला बोलावलं. आई गेली. परत आली ती नुसती बोलत होती. किती दिवसांनी कुणाशी पोटभर मराठी बोलले म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने चाकवताची पातळ भाजी केली, स्टीलच्या डब्यात भरली आणि माझ्या हाती त्यांच्याकडे पाठवली. डबा बघून बाई खूश झाल्या. संध्याकाळी आमच्याकडे येतेच म्हणाल्या.

आल्या. दारातून आत पाऊल टाकलं आणि भिंतीवरची बुद्धाची तसबीर बघितली. आई पाणी घेऊन आली. "नको, घाईत आहे," म्हणाल्या आणि तशाच गेल्या.

सकाळी त्यांची कामवाली डबा परत घेऊन आली. शेजारचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही आपली रीत. थोडी साखर, दोन लाडू, काहीतरी घालून द्यायचं. मी तो हातात घेतला तर जड लागला. मला वाटलं, तिळाच्या वड्या. झाकण उघडलं.

आमचीच भाजी होती. काठोकाठ. तिच्यावर साय धरली होती.

आई म्हणाली, "तिखट लागली असेल त्यांना." तीच भाजी तिने आम्हाला गरम करून वाढली. स्वतः जेवली नाही.

गच्चीवर आमच्या टीममधल्या गौरवने विचारलं, "मैम, वो अनाउंसमेंट?"

"देखते हैं यार, जल्दी क्या है."

समजलं मला.

परातीत बरंच उरलं होतं. सगळ्यांच्या हातांनी चिवडलेलं. मॅडमनी वेटरला ते बांधून द्यायला सांगितलं. कागदी डबा आला. त्यांनी तो उचलून माझ्यापुढे ठेवला. "तू ने घरी. वाया जायला नको. तुमच्याकडे खातील."

तो डबाही जड होता.

मी म्हटलं, "मॅडम, हे उष्टं आहे."

"अगं, उष्टं काय त्यात? आजकाल कोण मानतं?"

"तुम्ही मानता. म्हणून मला प्लेट दिलीत."

त्यांचा चेहरा उतरला. "सीन करू नकोस," त्या हळूच, मराठीत म्हणाल्या.

मग मी मराठी सोडली. सगळ्यांना कळावं म्हणून उभी राहून मोठ्याने म्हटलं, "मैंने बताया कि मैं बौद्ध हूँ, तो मैम ने मेरी प्लेट अलग कर दी. अब सबका जूठा मुझे घर ले जाने को दे रही हैं."

गौरव परातीकडे बघत राहिला. मी डबा मॅडमच्या पुढ्यात सरकवला, भरलेलाच. मग मराठीत म्हटलं, "माझ्या आजीने गावात दारोदार शिळी भाकर मागणं सोडलं. तिने सोडलेलं मी उचलणार नाही."

जिना उतरताना भीती वाटत होती. खोटं कशाला सांगू. टीम लीडरची जागा गेली हे मला दिसत होतं आणि गाझियाबादच्या फ्लॅटचे हप्तेही दिसत होते.

घरी आईला सगळं सांगितलं. ती घाबरली. "गप्प बसायचं होतंस. नोकरी जाईल गं."

"आई, ती भाजी तिखट नव्हती."

ती उठून आत गेली.

सोमवारी मी ऑफिसला जाणार आहे. ती जागा मागणार आहे, सगळ्यांसमोर. नाही दिली तर का नाही ते लेखी मागणार. जे झालं त्याची तक्रार माझ्या पूर्ण नावानिशी देणार. आईच्या भिंतीवरची बुद्धाची तसबीर मी उतरवून ठेवली आहे, ती ऑफिसात माझ्या टेबलावर ठेवणार. यापुढे जिथे जेवायला बसेन तिथे कुलदैवत विचारायची वेळ कुणावर येणार नाही. पहिला घास घेण्याआधी मीच सांगेन मी कोण ते. मग ज्याला उठायचं असेल त्याने उठावं. मी उठणार नाही.