ओसरीला कुलूप नसतं

दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्याला एका जुन्या कार्यालयातल्या भंगार कॉम्प्युटरची बोली लावत होतो. खिशातला फोन दोनदा वाजला. नाव पाहिलं, त्याच्या बायकोचं, वंदनावहिनींचं होतं. दोन वर्षं त्या घराशी बोलणं नव्हतं. म्हटलं, आधी हा माल पदरात पाडून घेऊ, मग पाहू काय म्हणतात त्या. माल माझ्याच भावात पडला. बाहेर येऊन फोन लावला तर वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले हो." मी विचारलं, "कुठं गेला?"... मला खरंच कळलं नव्हतं. तो आजारी असल्याचंसुद्धा मला कोणी सांगितलेलं नव्हतं.

आता तीन महिने होत आले. लोक म्हणतात, गेलेल्या माणसावर राग धरू नये. मी धरतो. सहा महिने पोटाचं दुखणं अंगावर काढलंस, संभाजीनगरच्या दवाखान्यात दोनदा जाऊन आलास, आणि नांदुऱ्यात बसलेल्या माझ्यापर्यंत एक निरोप नाही? मला डॉक्टरकीतलं काही कळत नाही, पण माणसाशी घासाघीस कशी करायची ते कळतं. मी डॉक्टरांच्या पाया पडलो असतो, भांडलो असतो, मुंबईला नेलं असतं. तू मला बोलीच लावू दिली नाहीस.

आमची ओळखसुद्धा व्यवहारातूनच झाली, आणि त्यात मी हरलो होतो. धामणगाव बढ्याच्या शाळेतले बारा कॉम्प्युटर भंगारात काढायचे आहेत असं कळलं म्हणून मी टेम्पो घेऊन गेलो. तिथे प्रयोगशाळा सहायक म्हणून हा बारीक अंगाचा माणूस, शर्टाच्या खिशात तीन पेनड्राइव्ह. मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "हे तं मेलेले आहेत सगळे, लोखंडाच्या भावानं नेतो." तो म्हणाला, "मेले नाही सेठ, झोपले आहेत. थांबा." आणि त्यातल्या सगळ्यात रद्दी डब्याला त्यानं पेनड्राइव्ह लावला. पाच मिनिटांत पडद्यावर मराठी अक्षरं आली. मुख्याध्यापकांनी ती पाहिली, माझ्याकडे पाहिलं... मी रिकामा टेम्पो घेऊन परत आलो. त्यानंतर मला 'सेठ' म्हणणारी पुष्कळ माणसं भेटली, पण चिडवण्यासाठी म्हणणारा तो एकटाच.

महिनाभरानं तो आपणहून नांदुऱ्याला माझ्या दुकानात आला. म्हणाला, "तुह्याकडं जुने डबे पडले आहेत, माह्याकडं डोकं आहे. एक कोपरा दे." मग दर शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की एसटीनं यायचा आणि मागच्या टेबलावर बसायचा ते संध्याकाळच्या गाडीपर्यंत. त्याला स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम बनवायची होती. कॉम्प्युटर सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत सगळा कारभार जी पाहते, ती. मी हसलो. म्हटलं, ते काय एकट्या माणसाचं काम आहे काय बे? तेव्हा त्यानं मला समजावलं की पाया खणायची गरज नाही. लिनक्स नावाची सिस्टीम जगभरच्या माणसांनी मिळून बांधलेली आहे, तिचं आतलं सगळं उघडं आहे. कोणीही घ्यावं, आपल्या गरजेप्रमाणे बदलावं आणि पुढच्यालाही तसंच उघडं द्यावं. "आयतं घर भेटलं आहे, सेठ. आपल्याले फक्त भिंती हलवाच्या आहेत."

भिंती हलवण्यात तीन वर्षं गेली. जुन्या डब्यांना पेलणार नाही ते तो एकेक काढून टाकायचा, आपल्याकडचं घालायचा आणि मग पूर्ण सिस्टीम पुन्हा नव्यानं बांधायला लावायचा. डबा तासन् तास घरघरत राहायचा. कधी गाडीची वेळ व्हायची आणि काम शेवटच्या टप्प्यावर अडून बसायचं. एकदा निरुपयोगी समजून त्यानं काहीतरी काढलं आणि माऊस हलेना. दोन शनिवार त्यात गेले. मी वैतागायचो, तो म्हणायचा, "सापडलं ना आता, काय काढू नये ते."

पण त्याचा खरा जीव होता शब्दांत. आधीचं मराठी त्याला कुठूनतरी तयार मिळालं होतं. एक निवृत्त गुरुजी दुकानात आले, त्यांना त्यानं खुर्चीवर बसवलं आणि स्वतः वही घेऊन मागे उभा राहिला. पडद्यावर आलं, 'आपण ही धारिका नष्ट करू इच्छिता?' गुरुजींनी माऊस सोडून हात जोडले. "नाही रे बाप्पा, मले काहीच नष्ट नाही कराचं!" दुकान हसलं. दिगंबर हसला नाही, वहीत लिहून घेतलं. पुढच्या शनिवारी तिथे होतं, 'ही फाईल काढून टाकू का? मंग सापडणार नाही.' दुकानात येणारा प्रत्येक माणूस अडला की काय बोलतो, ते तो असं टिपून घ्यायचा. मी काऊंटरवर गिऱ्हाइकांशी जे बोलायचो तेही. मला वाटायचं, टाइमपास करून राह्यला.

एका बाबतीत मात्र तो माझ्यावर कायम चिडायचा. मी आयुष्यात एकही कॉम्प्युटर नीट बंद केलेला नाही. दुकान बंद करताना भिंतीवरच्या बोर्डाचं बटन दाबायचं, सगळं एकदम गार. दिगंबर कळवळायचा. "सेठ, बसल्या माणसाची खुर्ची ओढून राह्यला तू. अबे, जातानी ते काही इचारते, त्याले इचारू तं दे." मी म्हणायचो, मले वेळ नाही.

सिस्टीमला नाव त्यानंच दिलं, 'ओसरी'. चालली चांगली. मरणाला टेकलेले डबे मी तिच्यावर विकू लागलो आणि माझं व्यापारी डोकं जागं झालं. मी म्हटलं, सुरुवातीच्या पडद्यावर माझ्या दुकानाचं नाव टाक आणि किल्ली बसव, प्रत्येकानं आपल्याकडूनच घेतली पाहिजे. तो म्हणाला, "आपल्याले कुलूप लावून भेटली होती का? मंग आपुन काऊन लावाचं? ओसरीले कुलूप नसते, सेठ." मी वर्षभर त्याला घोळवत होतो, तो हसून टाळत होता. मग एका शनिवारी कळलं की मलकापूरचा एक दुकानदार ओसरी विकतोय आणि सुरुवातीच्या पडद्यावर त्याच्या दुकानाचं नाव आहे. पेनड्राइव्ह कोणी दिला? दिगंबरनं. का? तर त्यानं मागितला म्हणून.

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. फुकट्या म्हणालो, माझ्या छपराखाली बसून माझंच घर फोडलंस म्हणालो. तो म्हणाला, "सेठ, माहं तरी काय होतं त्याच्यात? लोकाचंच होतं." आणि वही पिशवीत घालून उठला. माझा धंदा एका गोष्टीवर उभा आहे. गिऱ्हाईक उठलं की त्याला दारापर्यंत जाऊ द्यायचं, पण पायरी उतरू द्यायची नाही, हाक मारायची. तो पायरीपाशी थोडा थांबला... चपलेचा बंद नीट करत होता बहुतेक. मी हाक मारली नाही.

त्यानंतर एकदाच दिसला, बसस्टँडवर. खूप वाळला होता. त्यानं हात वर केला. मी फोनमध्ये पाहत राहिलो. मला वाटलं, पुढे येईल, बोलेल, मग मी थोडं ताणून धरीन आणि सोडून देईन. भाव असाच तर ठरतो.

तेरवीनंतर धामणगावला गेलो. वहिनी शिवणकाम करतात, गिऱ्हाइकांची मापं त्या घरच्या कॉम्प्युटरवर ठेवतात. तो डबा माझ्याच दुकानातला, कोणी घेत नव्हतं म्हणून त्याच्या गळ्यात मारलेला. वहिनींनी कोणाचंतरी माप पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, बंद करून द्या तेवढं." माझा हात सवयीनं भिंतीकडे गेला. "तसं नका करू," त्या एकदम म्हणाल्या. "त्याहिले चालत नव्हतं तसं." त्यांनी दाखवलं तिथे मी बटन दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा. पडद्यावर चौकट आली:

'चालले का? बसा ना थोडं, चहा सांगतो.'

खाली दोन बटनं, 'बसतो' आणि 'निंगालो'.

हे माझं वाक्य आहे. वीस वर्षं मी पायरीवरच्या गिऱ्हाइकाला हेच म्हणून परत फिरवत आलोय. वहिनी म्हणाल्या, "तुमचंच आहे ना? पयल्यापासून आहे ते. म्हणत, सेठनं असं म्हटलं की उठलेला माणूस बसतेच." मी तिथल्याच खुर्चीवर बसलो. पुढे मलकापूरच्या एका माणसाचा डबा दुरुस्तीला आला तेव्हा मुद्दाम पाहिलं. सुरुवातीला त्या दुकानाचं नाव होतं, पण बंद करताना चौकट तीच. त्या दुकानदाराला ती बदलायचं सुचलं नव्हतं. ज्या नावासाठी मी भांडलो ते कुठेच नाही, आणि माझी हाक मात्र दिगंबरनं मी न मागताच घरोघरी नेऊन ठेवली होती. फक्त मी ती त्याला मारली नाही.

मागचं टेबल अजून तसंच आहे. त्यावरचा त्याचा डबा मी दर शनिवारी सुरू करतो, नुसता सुरू. काम काही नसतं. धामणगावची संध्याकाळची एसटी दुकानासमोरून जाते तेव्हा मी बंद करायला जातो. तो विचारतो, चालले का? गाडी पुढच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी थांबतो... आणि 'बसतो' दाबतो.