मामाच्या मुखवट्याचा अर्ज

आखातातील नजमा या वस्तीतल्या टायपिंगच्या दुकानात मी लोकांचे अर्ज लिहितो. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी पापुआ न्यू गिनीतील एका बेटावरचा गृहस्थ माझ्यासमोर येऊन बसला. तो गॅस प्रकल्पावर वेल्डर होता. बोलण्यापूर्वी दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवण्याची त्याला सवय होती.

त्याने मोबाईलवर एक छायाचित्र दाखवले. काचेच्या पेटीत रंगवलेला लाकडी मुखवटा उभा होता. डोळ्यांच्या जागी शिंपले. तो त्याच्या मामाच्या उत्तरकार्यासाठी कोरला होता आणि कार्य उरकण्यापूर्वीच कोणीतरी विकला होता. इथल्या एका खासगी प्रदर्शनात त्याने तो ओळखला.

अशा प्रकरणांत मला विचार करावा लागत नाही. मी लिहिले, "सदर मुखवटा परत मिळावा व तोवर त्याचे उत्तम जतन व्हावे," आणि त्यास वाचून दाखवले.

"जतन नको, ब्रदर," तो इंग्रजीत म्हणाला. "कार्य झालं की आम्ही मुखवटा रानात कुजू देतो. तो कुजला की मामा सुटतो."

"अहो, असा अर्ज वाचून प्रदर्शनवाले साहेब हसतील!"

"हसू दे. मामा एसीत किती वर्षं उभा आहे. दमला असेल."

आजवर मी नोकरी टिकावी, व्हिसा टिकावा, एवढ्याचसाठी लेखणी झिजवली. त्या दिवशी जतनाचे वाक्य खोडून मी लिहिले, "सदर मामांस यापुढे उभे ठेवू नये, ही नम्र विनंती."