मलमाआधी पॉलिश पेपर

माझा दादा गॅरेजात गाड्यांना रंग मारतो. हात सोन्याचा, पण राग कायम नाकावर. पाना जागेवर सापडला नाही की रंगाचा डबा भिंतीवर आपटलाच म्हणून समजा.

मागच्या महिन्यात त्याच्या लिंगावर चामखिळी उठल्या, अगदी फुलकोबीसारख्या. त्याने मागचापुढचा विचार केला नाही. हे वहिनीनेच घरात आणलं म्हणाला आणि तिला झोडपून काढलं. तिचा ओठ फाटला, एक दात हलला. तिने एवढंच विचारलं, "अहो, पण मी जाते कुठे?" त्यावर आणखी एक बसली.

डॉक्टरीणबाईंकडे त्याला मीच ओढत नेलं. त्या म्हणाल्या, "हा विषाणू अंगात वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. कुणाकडून आला ते सांगता येत नाही. हे मलम पातळ लावायचं, आठवड्यातून तीनच रात्री, आणि सकाळी धुवून टाकायचं. तोवर बायकोपासून लांब. आणि तिलाही तपासायला आणा." दादाने मान डोलावली. तपासणीचं घरी बोललाच नाही. मीही नाही.

आता या गाढवाची अक्कल बघा. रंग नीट धरावा म्हणून पत्रा आधी घासतात. या शहाण्याने चामखिळीही घासल्या, पॉलिश पेपरने, रक्त येईपर्यंत! वर मलमाचा जाड थर, तोही रोज. चौथ्या दिवशी चड्डी कातडीला चिकटली. वहिनी कोमट पाणी ओतून ती हळूहळू सोडवत होती आणि तो गुरासारखा ओरडत होता. मला त्याची दया आली नाही.

त्या कळांमध्येच तो बोलून गेला, "लग्नाआधी मी जायचो गं एका बाईकडे. हे तिथूनच आलं असणार, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि डॉक्टरीण तुलाही तपासायला आण म्हणाली होती."

वहिनीने तांब्या खाली ठेवला, हात पुसले आणि पिशवी भरली. "तपासून घेते. तिथून आईकडे जाईन."

मी आडवा गेलो. "वहिनी, असं टाकून जाऊ नका. त्याची जखम कोण धुणार?"

"तुम्ही धुवा, भावोजी. तो मला मारत होता तेव्हा दार तुम्हीच बंद केलंत. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून."

मी बाजूला झालो. ती गेल्यावर पाणी तापत ठेवलं.