अहो काका

ज्याची ही गोष्ट सांगतोय तो माझा धाकटा भाऊ. सख्खा, पाठचा. गोदीत क्रेन चालवतो. क्रेन म्हणजे रस्त्यावर बंद पडलेली गाडी ओढून नेतात ती नव्हे. आमच्या घरावर घर, त्यावर अजून दोन घरं रचली तरी तिच्या केबिनला हात लागणार नाही, ती. अख्खा कंटेनर उचलून बोटीवर असा टेकवतो की आतल्या कपबशीला पत्ता लागत नाही. असा हात आमच्या खानदानात दुसऱ्या कुणाचा नाही, आणि आमचं खानदान काही लेचंपेचं नाही. या गोष्टीत जो थोरला येतो तो मी. पण मी मी करत बसलो तर सगळी जागा मीच अडवीन, घरात सगळे म्हणतातच तसं. म्हणून इथे तो धाकटा आणि मी थोरला, झालं.

धाकट्याची बायको गेली तेव्हा त्यांची मुलगी रांगत होती. तापाचं निमित्त झालं आणि बाई हातची गेली. धाकटा त्या वेळी कंत्राटावर होता. आज या बंदरात, उद्या त्या. राहायला पत्र्याची खोली, तीही पाचसहा जणांत. तिथे रांगतं पोर नेणार कुठे? थोरल्यानं पोरीला उचललं आणि आपल्या दोन पोरांत तिसरी म्हणून वाढवली. थोरल्याच्या बायकोनं, म्हणजे धाकट्याच्या वहिनीनं, कधी हात आखडला नाही. पोरगी घरभर गरगर फिरायची म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी.

आता घरातली मोठी दोन पोरं थोरल्याला बाबा म्हणायची, वहिनीला आई, आणि अधूनमधून पिशवी घेऊन येणाऱ्याला काका. भिंगरी बोलायला शिकली ती त्यांचं ऐकून. तीही थोरल्याला बाबा म्हणाली आणि आपल्या जन्मदात्याला काका. सगळे पोट धरून हसले. धाकटाही हसला. "अगं वेडे, तो तुझा बाबा!" म्हणून वहिनीनं बरेच दिवस शिकवलं. पोरगी मान डोलवायची आणि पुन्हा काका. मग हसणं संपलं, शिकवणंही संपलं. मोठी झाल्यावर तिला कळलं, पण पृथ्वी गोल आहे हे कळतं तसं कळलं. माहीत असतं, पण चालताना कुठे जाणवतं?

त्यातही गंमत अशी, की थोरल्याला ती म्हणायची, "ए बाबा, तू गप रे!" आणि धाकट्याला, "अहो काका, तुम्हाला चहा हवाय का?" तिनं असं विचारलं की धाकटा पाहुण्यासारखा सावरून बसायचा आणि म्हणायचा, "चालेल की."

यंदा त्याची नोकरी पक्की झाली. गोदीच्या वसाहतीत दोन खोल्या मिळाल्या. समोर रस्ता ओलांडला की शाळा. शेजारच्या बाईंनी सांगितलं, तुम्ही कामावरून येईपर्यंत आमच्या पोरांत खेळेल. त्यानं दिवसपाळी मागून घेतली. आतली खोली रंगवायला काढली. रंगाच्या दुकानात दुकानदारानं विचारलं, "मुलीची खोली ना? तिला कुठला रंग आवडतो?" याला कुठे माहीत? मग पिवळा घेऊन आला. पिवळा कुणाला आवडत नाही?

सुट्टीत थोरल्यानं सगळ्यांना समुद्रकाठच्या गावी फिरायला न्यायचं ठरवलं. भाड्यानं एक घर घेतलं. धाकट्यालाही बोलावलं. पहिल्याच संध्याकाळी वाळूत बसून धाकटा म्हणाला, "दादा, भिंगरीला घेऊन जाऊ म्हणतो. कायमची. शाळा सुरू व्हायच्या आत."

थोरल्यानं हाताची वाळू झटकली. म्हणाला, "पोरगी तुझी आहे. पण आता तिला अक्कल आलीय. तिला विचार. ती हो म्हणाली, तर मी स्वतः तिची बॅग भरून देतो."

"विचारतो," धाकटा म्हणाला. "उद्या."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बाहेर नुसतं भाजत होतं, म्हणून पोरं मागे लागली, गेम झोनला चला. दुकानांच्या मोठ्या इमारतीत वरचा अख्खा मजला. आत दिवस की रात्र कळायची सोय नाही. सगळीकडे लाल-निळे दिवे, जमिनीवर पेटणाऱ्या फरशा, भिंतीवर बटणं, आणि आवाज असा की शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागे. प्रत्येकाच्या मनगटाला एक पट्टा बांधला. तो दाराला टेकवला की दार उघडायचं.

शिरल्या शिरल्याच काचेच्या पेटीतलं ते खेळण्यांचं मशीन. वरून लोखंडी पंजा येतो, खाली कापडी प्राणी. थोरल्याला राहवतंय होय? तिथल्या पोराला त्यानं ठणकावून सांगितलं, "ओ, अजून खेळणी आणून ठेवा. माझा भाऊ गोदीत क्रेन चालवतो. तुमची पेटी रिकामी होणार आज!"

"दादा, हळू," धाकटा म्हणाला. पण भिंगरी टाळ्या वाजवत होती. तिनं काचेला नाक लावून एक जाडा हत्ती दाखवला. धाकट्यानं बाह्या वर केल्या. पंजा बरोब्बर हत्तीच्या मध्यावर उतरवला. एक केसभर इकडे नाही की तिकडे नाही. हत्ती उचलला गेला, हातभर वर आला आणि टपकन पडला. पुन्हा खेळला. पुन्हा टपकन.

"पंजाच ढिला ठेवलाय यांनी," धाकटा पुटपुटला. "पकडच नाही याला."

"काका, कंटेनर पण असेच पाडता का?" थोरल्याचा पोरगा खिदळला.

"असू द्या हो काका," भिंगरी म्हणाली. "मला नकोच होता एवढा."

पोराच्या टोमण्याचं धाकट्याला काही वाटलं नाही. तिनं घातलेली समजूत मात्र मनाला लागली. घरचा माणूस हरला तर आपण त्याची टर उडवतो. समजूत घालतो ती परक्याची.

पलीकडे जोडीचा खेळ होता. एक मोठं माणूस आणि एक मूल. मुलानं खाली अंधाऱ्या खोलीत जायचं, जमिनीवरच्या फरशांवरून पाऊल टाकत पलीकडचं दार गाठायचं. कुठली फरशी धोक्याची ते त्याला दिसत नाही. ते दिसतं वर काचेच्या केबिनमध्ये बसलेल्या मोठ्या माणसाला. त्यानं माइकमधून सांगायचं, मुलानं ऐकायचं. बाहेरच्या लोकांना पडद्यावर सगळं दिसतं आणि ऐकूही येतं.

"हा तर आमच्या धाकट्याचाच खेळ!" थोरला म्हणाला. "जा रे, दोघं जा."

भिंगरीनं एकदा थोरल्याकडे पाहिलं. "बाबा, तू नाही येत?"

"मी इथेच आहे. काकाबरोबर जा. त्याच्यासारखा हुशार कोण नाही."

धाकटा केबिनमध्ये बसला. खुर्ची, समोर काच, धोक्याच्या फरशा दाखवणारा पडदा, हाताशी माइक. गोदीत तो असाच बसतो दिवसभर, पाण्याची बाटली आणि वायरलेस घेऊन. खालून आवाज येतो, घे. थांब. सोड. दिवसभरात त्याच्या वाट्याला येणारं बोलणं एवढंच. वर कुणी येत नाही, आणि खाली उतरावं तर बाकीची माणसं घरी गेलेली असतात. आज पहिल्यांदा खाली त्याचं कुणीतरी होतं. केस दोन बाजूंना बांधलेलं, एवढंसं, मान वर करून त्याच्याच आवाजाची वाट बघणारं.

"पुढे," तो म्हणाला. "थांब. डावीकडे. सावकाश. अजून एक."

कामावर बोलतो तसंच बोलत होता. पण पोरगी ऐकत होती. शब्द पडला की पाऊल पडत होतं, अगदी त्याच जागी. बाहेर पडद्यासमोर थोरला शेजारच्या अनोळखी बाईंना सांगत होता, "भाऊ आहे माझा. गोदीत असतो." धाकट्याला वाटलं, हे दार आलं की बाहेर पडू, हिला समोर बसवू आणि विचारू. आत्ताच. आवाज फुटलाय तोवर.

दार अगदी जवळ आलं आणि खेळातला शेवटचा भाग सुरू झाला. दिवे गेले. खोली थरथरली, कुठूनतरी धडाम असा आवाज झाला. धाकट्याच्या पडद्यावर फरशा दिसत होत्या, पण खाली पोरगी उकिडवी बसली, कानांवर हात ठेवून.

"बाबा!"

तो हसला असेल त्या वेळी. त्यानं नंतर सांगितलं तेव्हाही थोडा हसला होता. माइक दाबून म्हणाला, "आहे गं. मी आहे इथे."

"तुम्ही नाही हो! बाबा! बाबाला बोलवा!"

अख्ख्या मजल्यानं ऐकलं. थोरला तर आधीच धावला होता. पोर हाक मारतं तेव्हा माणूस विचार करतो का? कामावरच्या मुलीनं दार अडवलं, "सर, आत जायचं नसतं, वरचे जोडीदार—"

"बाजूला व्हा, मी बाबा आहे तिचा!"

दिवे लागले. थोरला पोरीला खांद्यावर घेऊन बाहेर आला. कामावरची मुलगी गोंधळून वर काचेकडे बघत म्हणाली, "मग ते कोण?"

"ते आमचे काका आहेत," भिंगरी मुसमुसत म्हणाली.

थोरल्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. वहिनी पाणी आणायला गेली. वर धाकट्यानं माइक जागेवर ठेवला आणि जिना उतरून खाली आला. खिशातून रुमाल काढून पोरीपुढे धरला. तिनं घेतला. म्हणाली, "थँक्यू काका."

संध्याकाळी पोरं आत पत्ते खेळत होती. दोघं भाऊ ओट्यावर बसले.

"विचारलंस?"

"सकाळी विचारतो. माझी बस यायच्या आधी."

"आजचं मनावर घेऊ नकोस. पोर घाबरलं होतं."

"घाबरल्यावरच माणूस आपल्या माणसाला हाक मारतो, दादा."

थोरला उठला. म्हणाला, "चहा टाकायला सांगू?"

"चालेल की," धाकटा म्हणाला.

सकाळी धाकटा अंघोळ करून, पिशवी भरून तयार. त्याला दुपारच्या आत कामावर पोचायचं होतं. भिंगरी बाहेर पायरीवर बसून चपलेतली वाळू झटकत होती. तो तिच्या खालच्या पायरीवर बसला.

"भिंगरे, मला दोन खोल्या मिळाल्यात. एक मी पिवळी रंगवलीय. माझ्याकडे राहायला येशील?"

"सुट्टीत?"

"कायमची. शाळा समोरच आहे."

"आई येणार?"

"नाही."

"बाबा?"

"तो येऊन-जाऊन असेल."

तिनं दुसरी चप्पल झटकली. "मग तुम्ही तिथे एकटेच असता?"

"एकटाच."

"अहो काका, थांबा हं. मी बाबाला विचारून येते." आणि धूम पळाली.

थोरला आरशासमोर दाढी करत होता. ती त्याच्या कमरेला बिलगली आणि कानात सांगायचं म्हणून त्याला खाली ओढलं. साबण तिच्या गालाला लागला.

"ए बाबा, काका म्हणतात त्यांच्याकडे राहायला ये. कायमची."

"मग? तुला काय वाटतं?"

"मला नाही जायचं. पण तू सांग ना त्यांना. मला नाही सांगवत. त्यांना वाईट वाटेल."

थोरला अर्ध्या दाढीचा तसाच बाहेर आला, खांद्यावर टॉवेल. धाकटा रस्त्याच्या कडेला पिशवी घेऊन उभा होता. थोरल्याला एकट्याला येताना बघितलं आणि त्यानं मान हलवली.

"कळलं, दादा. तू कशाला आलास असा? लोक हसतील."

"हसू देत. पुढच्या वर्षी परत विचार. पोरांचं काय, आज एक, उद्या एक."

"बघू." बस वळणावर दिसली. धाकट्यानं टॉवेलचं टोक उचलून थोरल्याच्या कानामागचा साबण पुसला, लहानपणी आई पुसायची तसा. "तिला रागावू नकोस. तिनं खरं सांगितलं."

बस थांबली, तो चढला, बस गेली. थोरला रस्ता रिकामा झाला तरी उभा होता. मग वर आला.

भिंगरी दारातच होती. "रडले का ते?"

"छे!" थोरला म्हणाला. "भाऊ कुणाचा आहे तो?" आणि राहिलेली दाढी करायला गेला, आणि मोरीचं दार त्यानं आतून लावून घेतलं.