पहारेकऱ्याचे डोळे

शहर बसच्या वर्कशॉपमध्ये तिला सगळे सीटबाई म्हणत. फाटलेल्या सीटा उसवायच्या, आतला भुगा झालेला फोम काढून नवा भरायचा, वरून रेक्झिन ताणून शिवायचं, हे तिचं काम. नव्यानं लागलेला एखादा फिटर "सीटबाई, बसू का?" हा जुनाच विनोद स्वतःला सुचल्यासारखा करायचा, आणि ती मान वर न करता म्हणायची, "बस की. सुई कुठं ठेवलीय तेवढं मात्र मला आठवत नाहीये." बोटांना घट्टे, केसांत कायम फोमचे पिवळे कण आणि डब्याच्या पिशवीत डब्याला टेकून ठेवलेलं एक जाडजूड पुस्तक.

हे पुस्तकाचं वेड माहेरून आलेलं नव्हतं. ते लावलं नणंदेनं.

नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, लग्न केलं नव्हतं, एकटी राहायची आणि तोंडानं फटकळ. लग्न होऊन आली तेव्हा सीटबाई तिला चांगलीच टरकून असे. वन्सं येणार म्हटलं की घरातले कप दोनदा धुवायची. मग एकदा नवऱ्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन निघालं आणि दवाखान्याच्या बाकावर दोघी शेजारी शेजारी अडकल्या. बोलायला विषय नाही. सीटबाई नुसती पदराचं टोक पिळत बसलेली. शेवटी वन्संनी पिशवीतून पुस्तक काढून तिच्या मांडीवर आपटलं.

"वाच. नाहीतर तुझा पदर फाटेल, आणि तो आतून बरा होऊन आला की मलाच विचारेल."

तो 'दिव्याआडचं शहर' या मालिकेचा पहिला भाग होता. एक मुलगी रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करायची. एका खांबावर चढलेली असताना तिला दिसतं, की शहराच्या आत आणखी एक शहर राहतंय. पुलाच्या पोटात, बंद पडलेल्या लिफ्टच्या खाचेत, गटारांच्या झाकणाखाली माणसांसारखीच पण माणसं नसलेली मंडळी संसार थाटून बसलीत. त्यांची भांडणं, त्यांच्या उखाळ्यापाखाळ्या, त्यांचे गुंड. आणि या दिवेवालीचा जोडीदार कोण, तर जुन्या पोस्टाच्या दारावर बसवलेला दगडी पहारेकरी. तिन्हीसांज झाली की तो कुरकुरत खाली उतरायचा. त्याचे डोळे काचेचे होते आणि त्या डोळ्यांना धुक्यातलं, भिंतीपलीकडचं, सगळं दिसायचं. सतत कटकट करायचा, पण दिवेवालीसाठी जीव टाकायचा.

नवऱ्याला घरी सोडेपर्यंत सीटबाईचा पहिला भाग संपला होता. दुसरा मागायला ती आपणहून नणंदेच्या दारात गेली, आणि त्या दिवसापासून दोघींचं सूत जमलं ते जमलंच. नवरा म्हणायचा, "लोकांच्या घरी नणंदा-भावजया माणसांवरून भांडतात. ह्या दोघी दगडावरून भांडतात." पहारेकरी दिवेवालीवर रागावला ते बरोबर की चूक, यावर एकदा खरंच त्या दोन आठवडे बोलल्या नव्हत्या.

सहावा भाग आला, आणि पुढे लेखक गप्पच बसला. वर्षं जात राहिली. त्याच वर्षांत वन्संच्या डोळ्यांना दुखणं लागलं. डोळ्याच्या पडद्याचा नेमका मधला भाग झिजत चालला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. दार दिसायचं, दारात उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा नाही. अक्षरं तर पार गेली. डॉक्टरांनी सांगितलं, आहे तेवढं टिकवू. वन्सं बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "चला, आता कुणाचं तोंड बघायला नको," आणि वर स्वतःच हसल्या. सीटबाईला हसू आलं नाही.

तिनं मग एकच केलं. दर रविवारी दुपारी नणंदेकडे जायचं आणि पहिल्या भागापासून मोठ्यानं वाचायचं. सुरुवातीला अडखळायची. वन्सं खिडकीकडे कान करून बसायच्या आणि मध्येच म्हणायच्या, "घाई काय आहे? बस सुटतेय का तुझी?" हळूहळू तिचा सूर लागला. पहारेकऱ्यासाठी तिनं घोगरा आवाज काढला, तेव्हा वन्सं इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. आवाजावर आयुष्य काढलेल्या बाईची ती दाद होती. सीटबाई त्या दिवशी घरी चालत गेली, तेही हवेत.

सहा भाग वाचून झाले आणि बातमी आली, की सातवा निघतोय. दोघींनी ठरवलं, वाचायचा तो मिळूनच. पुस्तक सीटबाईच्या घरी राहील, पण ती पुढचं पान उघडणार नाही. वन्संनी बजावलं, "डोकावलीस तर मला कळेल हं."

बरेच रविवार ही अट पाळली गेली. पुस्तक अगदी शेवटाकडे आलं होतं. पहारेकरी एकटाच शत्रूच्या तावडीत सापडला होता आणि नेमकं तिथं वन्संना भेटायला कुणीतरी आलं, म्हणून वाचन थांबलं. सोमवार गेला. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत सीटबाई एका रिकाम्या बसमध्ये, स्वतःच शिवलेल्या सीटवर डबा घेऊन बसली. पिशवीत पुस्तक होतं. एकच पान बघू म्हणून तिनं उघडलं.

त्या पानावर शत्रूनं पहारेकऱ्याचे काचेचे डोळे फोडले.

तिचा घास तोंडातच राहिला. तिनं भराभरा पुढची पानं चाळली. डोळे परत येतात का, एवढंच ती शोधत होती. येत नव्हते. पुढच्या प्रकरणातही तो आंधळाच होता. तिनं पुस्तक खाडकन मिटलं. "मेल्या," ती त्या न पाहिलेल्या लेखकाला म्हणाली, "इतकी वर्षं ताटकळत ठेवलंस ते ह्यासाठी?" बाहेरून वेल्डिंग करणाऱ्यानं डोकावून विचारलं, "कोण मेलं, सीटबाई?" तिला सांगता येईना. ढसाढसा रडू येत होतं आणि दगडासाठी रडतेय हे सांगायची लाज वाटत होती.

रविवारपर्यंत तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. समोर वन्सं खिडकीकडे कान करून बसलेल्या, आणि आपण त्यांना वाचून दाखवायचं, की त्याचे डोळे गेले आणि आता येणार नाहीत? नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "पुस्तकात आहे ते वाच. तू काय लिहिलंयस का ते?" त्याचं म्हणणं किती सरळ होतं हे तिला नंतर कळलं. त्या वेळी वाटलं, याला काय समजतंय.

रविवारी तिनं वाचायला घेतलं. डोळे फुटले तिथपर्यंत जसंच्या तसं वाचलं. तेवढं गाळता येण्यासारखं नव्हतं. वन्संचे हात मांडीवर होते ते एकमेकांत अडकले. मग सीटबाईनं पान उलटलं आणि पानावर नसलेलं वाचू लागली. दिवेवाली धावत आली. तिनं शहरातल्या सगळ्या दिव्यांच्या काचा गोळा केल्या. त्या वितळवल्या. नवे डोळे घडवले. पहारेकऱ्यानं डोळे उघडले. त्याला सगळं दिसलं. घोगऱ्या आवाजात तो काहीतरी कुरकुरला. शेवटचं प्रकरणही तिनं असंच, जिथं तो आंधळा म्हणून येतो ते शब्द उचलून बाजूला ठेवत, पार पाडलं.

संपल्यावर वन्संनी एकमेकांत अडकलेले हात सोडवले. मग म्हणाल्या, "संपलं?"

"संपलं. छान झाला ना शेवट?"

"चहा टाक," वन्सं म्हणाल्या.

सीटबाईला वाटलं, भारावल्यात. घरी येऊन ती नवऱ्याला म्हणालीसुद्धा, "बघ, कुणाचं काही बिघडलं का?"

पुढच्या काही रविवारी वाचायला नवं काही नव्हतं. दोघी नुसत्या बोलत बसायच्या. सातव्या भागाचा विषय सीटबाई टाळायची, आणि वन्सं तो मधूनमधून काढायच्या. "काच वितळवून डोळे, हे त्याला सुचलं कसं गं?" असं काहीतरी. सीटबाई "लेखकच तो" म्हणून उठायची आणि उगाच ओटा पुसायची.

मग एका रविवारी ती जिन्यात असतानाच तिला वन्संच्या घरातून पुरुषाचा आवाज ऐकू आला. भारदस्त, संथ आवाज. पाहुणे असतील म्हणून ती दारातच थबकली. घरात वन्सं एकट्याच होत्या. टेबलावर वाचनालयातून आणलेलं, बोलकी पुस्तकं लावायचं यंत्र होतं, आणि तो आवाज वाचत होता, की पहारेकरी पोस्टाच्या दारावर परत चढून बसला, काचांचे तुकडे अजून त्याच्या पायाशी पडले होते.

वन्संनी मान किंचित तिरकी केली. कडेच्या नजरेत त्यांना ती दिसली असावी.

"ये. तुझाच भाग चाललाय. तू गाळलेला."

त्यांनी बटण दाबलं. सीटबाईला चपला काढायचंही सुचलं नाही.

"वन्सं, मी ते…"

"बस आधी."

ती बसली. "कधी कळलं तुम्हाला?"

"तेव्हाच. तो लेखक एका वाक्यात तीन गल्ल्या फिरून येतो. तुझी वाक्यं दोन पावलांत दमायला लागली. आणि माझं आख्खं आयुष्य गेलंय गं, कानाला यंत्र लावून लोकांच्या थापा ऐकण्यात."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"म्हटलं, आपणहून सांगेल. बघितली वाट."

सीटबाईचा चेहरा उतरला. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून केलं मी."

"वाईट वाटायलाच तर वाचत होतो की आपण! पाचव्या भागात लिफ्टवाली म्हातारी मेली तेव्हा किती रडलो दोघी. मजा नव्हती आली?"

"हे वेगळं होतं. हे डोळ्यांचं…"

"तेच म्हणतेय मी." वन्संचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "माझ्यापुढं सगळे जपून बोलतात. शेजारीण तर टीव्ही 'ऐकला का' म्हणून विचारते. मी कुणाला काही म्हणत नाही. पण सहा भाग झाल्यावर पहिल्यांदा त्या शहरात कुणाचं तरी माझ्यासारखं झालं. मला बघायचं होतं, आता हा काय करतो. आणि तू त्याला बरं करून टाकलंस."

सीटबाई रडायला लागली. वन्संनी हात पुढं केला, तो आधी खुर्चीच्या पाठीला लागला, मग तिच्या खांद्यावर आला.

"पुरे. रागावले नाहीये मी."

"मी परत वाचते ना. अगदी शब्दन् शब्द. आत्ता."

"ऐकलं गं मी. दोनदा झालं ऐकून. हे तिसऱ्यांदा."

घरी आल्यावर नवऱ्यानं समजूत काढली. "ताईचं मनावर घेऊ नकोस. विसरेल ती."

"रागावल्या असत्या तर विसरल्या असत्या," सीटबाई म्हणाली.

त्या रात्री नाही, पण त्या आठवड्यात तिनं ते प्रकरण नीट काढून वाचलं. तिला वाटलं होतं, तिथं नुसती वाताहत असेल. तसं नव्हतं. आंधळा पहारेकरी दारावर बसून होता आणि दिवेवाली खांबावरून त्याला विचारत होती, आता कसं रे होणार आपलं? तो म्हणत होता, गप्प बस आणि ऐक. मग पानंच्या पानं त्यानं नुसत्या आवाजावरून शहर सांगितलं होतं. कोणत्या गल्लीत कुणाचा पाय घसरला, कोणत्या पुलाच्या पोटात कोण कुणाशी कुजबुजतंय. लपून बसलेला शत्रू त्याला दिसला नव्हता, ऐकू आला होता. मालिकेतलं सगळ्यात सुंदर प्रकरण होतं ते. घोगऱ्या आवाजात वाचायला तर काय बहार आली असती. जेवणाच्या सुट्टीत, हातात डबा धरून, तिनं ते भराभरा चाळून मिटलं होतं.

आठवा भाग येणार असं पुढं कळलं. तिनं भीतभीत विषय काढला. वन्सं म्हणाल्या, "तू तुझा वाच, मी माझा ऐकते. मग बोलू की." आणि त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. यंत्र हवं तेव्हा लावता येत होतं, रविवारची वाट बघायला लागत नव्हती, आणि त्यातला माणूस वाचायचाही चांगला.

सीटबाईचं रविवारचं जाणं थांबलं नाही. चहा ती करते, औषधं बघते, गॅसवाल्याला फोन लावते. कधी यंत्र चालू असलं तर स्टूल ओढून बसते. परवाही तशीच बसली होती. तो माणूस आठव्या भागातलं पहारेकऱ्याचं बोलणं वाचत होता, आणि ती मनातल्या मनात म्हणत होती, छे, एवढा गोड आवाज नाहीये त्याचा, दगड आहे तो. या नादात तिचं ऐकण्याकडे लक्षच राहिलं नाही. वन्सं एकदम खदखदून हसल्या, ठसका लागेपर्यंत. तोंड यंत्राकडे होतं.

"काय म्हणाला हो तो?" सीटबाईनं विचारलं.

वन्संनी तिच्याकडे न वळता हात वर केला.

"शू. ऐकू दे."