चाळीस सेकंदांचं इंजिन

यज्ञेश्वर पाध्ये यांचं इंजिन चाळीस सेकंद चालायचं. कधी अडतीस, हवेत गारवा असला तर पंचेचाळीस. मग आवाज जड व्हायचा, दोन्ही चाकं मंदावायची आणि ते थांबायचं. वीस मिनिटं तसंच ठेवलं की पुन्हा चालू, पुन्हा चाळीस सेकंद. मागच्या वर्षी नोव्हेंबरभर सहकारनगरमधल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर हाच प्रकार सुरू होता. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात विचारलं, "पाध्ये, ते एकदा काय ते पूर्ण चालवा किंवा पूर्ण बंद करा ना."

इंजिन वीतभर उंच आहे. पूर्वी विहिरीचं पाणी उपसायला मळ्यात असायची, तसल्या पेट्रोल इंजिनाची ही प्रतिकृती: दोन बाजूंना दोन चाकं, मधे उघड्या तोंडाची टाकी, तिच्यात थंडाव्यासाठी पाणी. हे किट इंग्लंडहून येतं. पण खोक्यातून तयार भाग निघत नाहीत. निघतात ओतीव लोखंडाचे खडबडीत तुकडे, ॲल्युमिनियमचा एक दांडा, पुडीत स्क्रू आणि ड्रॉइंगचे सात कागद. पुढचं सगळं ज्याचं त्याने आपल्या लेथवर करायचं. पाध्यांचा लेथ बंद केलेल्या बाल्कनीत आहे. नऊ फूट बाय चार फूट जागेत लेथ, ड्रिल, एक स्टूल आणि कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. दोऱ्या हलणार नाहीत, हे त्यांच्या पत्नी नीरजाताईंनी लेथ आला त्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

पाध्ये आज अडुसष्ट वर्षांचे आहेत. चिंचवडच्या एका इंजिन कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं गेजरूममध्ये काढली. कारखान्यात झालेलं काम बरोबर की चूक हे ज्या मापाने ठरवतात ते माप म्हणजे गेज, आणि ती मापं तयार करायची, तपासायची जागा म्हणजे गेजरूम. तिथे वर्षाचे बारा महिने तापमान वीस अंश. आत जाताना चपला बदलायच्या. दारावर 'विनाकारण आत येऊ नये' अशी पाटी होती. तिच्याखाली पाध्यांनी स्वतःच्या अक्षरात भर घातली होती: 'कारण असल्यास बाहेरूनच सांगावे.'

बाहेरून सांगणाऱ्यांत सर्जेराव शितोळे असत. ते असेंब्लीवर होते. आलेले भाग जोडायचे, इंजिन टेस्टिंगला लावायचं, पुढचं घ्यायचं. राहायला लोणी काळभोरला, तिथून रोज दोन बस बदलून येत. त्यांच्या हाताला कायम ऑइल, म्हणून पाध्ये त्यांच्याकडून कागदसुद्धा कोपऱ्याला धरून घेत.

निवृत्तीनंतरच्या एका भेटीत पाध्यांनी किटचा विषय काढला. सर्जेराव म्हणाले, "साहेब, माझ्यासाठीबी एक मागवा की." पाध्यांनी मागवलं. एकाच पार्सलमध्ये दोन्ही आली. खोकं पाध्यांच्या जेवणाच्या टेबलावर उघडलं गेलं, सर्जेराव यायच्या आदल्या दिवशी. पाध्यांनी दोन्ही टाक्या उजेडात धरून पाहिल्या आणि जिच्यावर ओतकामाचे खड्डे कमी होते ती आपल्याकडे ठेवली. चाकांचंही तेच केलं. "तो काय, वर्षभर घमेल्यात टाकून ठेवेल आणि मग भंगारात घालेल," असं ते तेव्हा म्हणाल्याचं नीरजाताईंच्या लक्षात आहे.

दोन वर्षं आणि चार महिने गेले. खंडेनवमीच्या दिवशी सकाळी कारखान्यातल्या निवृत्तांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. सर्जेरावांच्या शेडमध्ये लेथशेजारी पाटावर इंजिन, त्याला झेंडूचा हार, चाकाला हळदीकुंकू. सर्जेरावांचा हात येतो, चाक फिरवतो, आणि इंजिन चालू होतं. हाराचं एक फूल निसटून चाकाबरोबर गरगरत राहतं. मागून सर्जेरावांच्या घरातल्या बायका हसतात. व्हिडिओ सहा मिनिटांचा होता, आणि तो संपला तेव्हाही इंजिन चालूच होतं.

पाध्यांनी त्या दिवशी आपल्या लेथची पूजा केली, मायक्रोमीटर पुसून पाटावर मांडले आणि मधूनमधून फोन बघत राहिले. संध्याकाळपर्यंत एकाहत्तर अभिनंदनं आली होती. एका माजी मॅनेजरने लिहिलं, 'कारागीर असावा तर असा.' हे वाक्य पाध्यांनी नीरजाताईंना दोनदा वाचून दाखवलं.

"आवाज ऐकलास? फाटका आहे. सगळं ढिलं आहे आत."

"पण चालतंय," नीरजाताई म्हणाल्या.

"चालायला काय, बैलगाडीही चालते."

तीन आठवड्यांनी पाध्यांचं इंजिन जोडून झालं. दिसायला ते उजवंच होतं. आरशासारखी चाकं, कुठे ओरखडा नाही. चाकाला बोट लावलं की ते लोण्यातून फिरल्यासारखं फिरे. पेट्रोल घातलं, चालू झालं, आणि चाळिसाव्या सेकंदाला थांबलं. पाध्यांनी ग्रुपवर अठ्ठावीस सेकंदांचा व्हिडिओ टाकला. एकोणीस उत्तरं आली. त्यातली चार मधेच आलेल्या एका निधनवार्तेला होती.

मग शोध सुरू झाला. त्यांनी प्लग बदलला, पेट्रोल गाळून घेतलं, कार्ब्युरेटर चार वेळा उघडला, ठिणगी देणारी कॉइल नवी लावली. प्रत्येक गोष्ट वहीत तारखेसह लिहिली. पिस्टनकडे वळून पाहिलं नाही, कारण पिस्टन हे त्यांचं सगळ्यांत चांगलं काम होतं. ड्रॉइंगमध्ये पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात मिलिमीटरचा आठ शतांश भाग मोकळा सोडायला सांगितला होता. पाध्यांना ते वाचून हसू आलं होतं. गॅरेजमध्ये हौस म्हणून काम करणाऱ्यांना यापेक्षा नेमकं जमत नसणार म्हणून एवढी सूट दिली असेल, असं त्यांनी ठरवलं. त्यांनी दीड शतांश सोडला. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून याहून सुंदर फिट झाला नव्हता.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी निवृत्तांचा मेळावा होता. तो भरवणाऱ्या साईनाथ कुदळे यांनी ग्रुपवर जाहीर केलं की यंदा पाध्ये आणि शितोळे यांची इंजिनं एका टेबलावर शेजारी शेजारी चालवून दाखवली जातील. पाध्ये नाही म्हणू शकले नाहीत. नाही म्हणण्याचं कारण द्यावं लागलं असतं. दीडशे माणसांसमोर, आणि तेही सर्जेरावांच्या इंजिनाशेजारी, आपलं चाळीस सेकंदांत गप्प होणार, हे चित्र ते रोज मनात पाहत होते.

मेळाव्याआधीच्या बुधवारी सर्जेराव स्वतःच दारात आले. मंडईतल्या एका गाळ्यावर मेथी पोचवून आले होते, हातात भाजीचा रिकामा क्रेट, त्यात गोणपाटात गुंडाळलेलं इंजिन.

"साहेब, रविवारी मी परभारे लग्नातनं येणार. तिथं हे कुठं सांभाळू? तुमचं नेताय, त्याच रिक्षात माझंबी न्या."

"ठेवा तिथे. गोणपाट काढा फक्त, माती पडतेय."

"माती न्हाई ओ, मेथीचं हाय," सर्जेराव म्हणाले. मग बाल्कनीत डोकावून त्यांनी पाध्यांचं इंजिन पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "काय चकाकतंय! देव्हाऱ्यात ठेवाया पायजे."

"बसा ना भावजी, चहा टाकते," नीरजाताई म्हणाल्या.

"नको वहिनी, गाडी रस्त्यात उभी हाय. पोलीस काय चहाला थांबायचा न्हाई."

गुरुवारी सकाळी नीरजाताई बँकेत गेल्या आणि पाध्यांनी सर्जेरावांचं इंजिन उघडलं. कुणी उघडू नका म्हटलं नव्हतं, एवढाच आधार. आत त्यांना हवं होतं ते सगळं मिळालं. पिस्टनवर एक उभा ओरखडा. कनेक्टिंग रॉडवर कानशीचे वळ तसेच. एका नटाखाली वॉशर म्हणून पत्र्याचा हाताने कापलेला तुकडा. पाध्यांनी मापं घेतली. सिलिंडरचं भोक आश्चर्य वाटावं इतकं गोल होतं, ते त्यांनी वहीत लिहिलं नाही. पिस्टनभोवती मोकळी जागा आठ शतांश.

"आठ!" नीरजाताई परत आल्या तेव्हा ते म्हणाले. "उंदीर जाईल यातून."

"त्यांचं इंजिन तुम्ही का उघडलंत?"

"त्याच्यावर उपकार म्हणून. नवा पिस्टन करून देतो त्याला. नीट बसेल असा."

"त्यांनी मागितलाय?"

"दीडशे लोकांसमोर फडफडत चालण्यापेक्षा बरं ना?"

नीरजाताई पिशवीतली पासबुकं कपाटात ठेवत म्हणाल्या, "अहो, त्यांचं फडफडू दे. तुमचं चालतंय का ते बघा." पाध्ये बाल्कनीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

त्या दिवसभर आणि शुक्रवारी दुपारपर्यंत त्यांनी सर्जेरावांच्या सिलिंडरसाठी पिस्टन केला. दीड शतांश मोकळा. हेतू काय होता याबद्दल ते आजही उपकार हाच शब्द वापरतात. नीरजाताईंचं मत वेगळं आहे. पाध्यांना ते सुधारून द्यायचं होतं, म्हणजे रविवारी ते चांगलं चाललं तरी ते पाध्यांमुळे चाललं असतं, असं त्या म्हणतात.

शुक्रवारी चारच्या सुमारास त्यांनी सर्जेरावांचं इंजिन नव्या पिस्टनसह जोडलं, टाकीत पाणी भरलं, चाक फिरवलं. ते लगेच चालू झालं. फडफड नाहीशी झाली होती. आवाज इतका स्वच्छ की पाध्यांनी नीरजाताईंना हाक मारली. त्या पीठ लागलेले हात घेऊन दारात आल्या. आवाज जड झाला. चाकं मंदावली. इंजिन थांबलं.

पाध्यांनी चाकावर हात ठेवला.

"किती झाले?" पाध्यांनी विचारलं.

"मी काय घड्याळ लावून बसले होते? पण ओळखीचे वाटले."

पाध्ये स्टुलावर बसले. दोन महिने चालत आलेल्या इंजिनात त्यांनी एकच गोष्ट बदलली होती. कॉइल सर्जेरावांची, कार्ब्युरेटर सर्जेरावांचा, पेट्रोलही तेच. ॲल्युमिनियमचा पिस्टन तापला की लोखंडी सिलिंडरपेक्षा जास्त फुगतो, हे आयटीआयच्या पहिल्या वर्षात शिकवतात. पाध्यांनी ते स्वतः शिकाऊ मुलांना सांगितलेलं होतं. पण त्यांनी जन्मभर केलेली एकही वस्तू कधी तापली नव्हती. वीस अंशांत तयार झाली, वीस अंशांत तपासली, लाकडी पेटीत मखमलीवर ठेवली. सर्जेरावांच्या हाताखालून रोज तापलेली इंजिनं गेली होती.

"आठच सोडायचे होते," ते म्हणाले.

"ड्रॉइंगमध्ये दिले नव्हते का?"

"होते."

नीरजाताई पोळ्या करायला आत गेल्या.

शनिवारी पाध्यांनी सर्जेरावांचा ओरखड्याचा पिस्टन पुन्हा त्यांच्या इंजिनात बसवला. मग स्वतःचा पिस्टन लेथवर धरला आणि मोकळी जागा आठ शतांश होईपर्यंत कातला. काम अर्ध्या तासाचं होतं, त्याला दुपार लागली. जोडून पाहिल्यावर इंजिन चाळीस सेकंद चाललं, दोन मिनिटं चाललं, टाकीतल्या पाण्याला वाफ आली तरी चालत राहिलं. आवाजात आता थोडी फडफड होती. पाध्यांनी तो आवाज ओळखला आणि इंजिन बंद केलं.

रविवारी कर्वे रस्त्यावरच्या हॉलमध्ये टेबलावर पांढरी चादर घालून दोन्ही इंजिनं ठेवली होती. सर्जेराव लग्नाचा फेटा बांधूनच आले. त्यांनी वाकून आपलं इंजिन पाहिलं आणि हळू आवाजात, फक्त पाध्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "साहेब, उघडलं व्हतं?"

"का?"

"चारी स्क्रूच्या खाचा एका रेघेत हायेत. माझ्या हातनं ह्या जन्मात व्हायचं न्हाई."

"पुसायला उघडलं होतं."

"बरं केलंत." सर्जेरावांनी फेट्याचा शेमला मागे टाकला. "तुमचा पिस्टन तंग हाय, ते मला व्हिडिओतच कळलं व्हतं. शेवटच्या पाच सेकंदाला आवाज धरतोय."

"मग सांगायचं होतंत!"

"तुम्हाला?" सर्जेराव म्हणाले. "बाहेरनं?"

तेवढ्यात साईनाथ कुदळे माइक घेऊन आले. दोघांनी आपापली चाकं फिरवली. दोन्ही इंजिनं चालू झाली. पहिल्या मिनिटाला पाध्यांची नजर घड्याळावर होती, नंतर ती सर्जेरावांच्या चाकांवर गेली आणि तिथेच राहिली. लोक फोन वर धरून जवळ आले. दोन आवाज एकमेकांत मिसळले होते, कुठला कुणाचा ते कळत नव्हतं. पाच मिनिटं झाली. सहा झाली. सर्जेरावांनी अचानक हात पुढे केला, आपलं इंजिन बंद केलं आणि मोठ्याने म्हणाले, "आता गप ऱ्हावा, साहेबांचं ऐका!"

हॉल शांत झाला. पाध्यांचं इंजिन एकटं चालत राहिलं. साडेनऊ मिनिटांनी पेट्रोल संपेपर्यंत लोकांनी ते ऐकलं आणि भरपूर टाळ्या वाजवल्या. माजी मॅनेजर पुढे आले, त्यांनी पाध्यांचा हात हातात घेतला आणि मग सर्जेरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मन मोठं लागतं याला."

सर्जेराव आपलं इंजिन घेऊन गेले होते; परतीच्या रिक्षात पाध्यांचं त्यांच्या मांडीवर होतं. स्वारगेटला त्यांनी नीरजाताईंकडे पाहिलं. मग म्हणाले, "त्याने बंद करायला नको होतं."

"अहो, तुमच्यासाठी केलं त्यांनी."

"तेच. दोन्ही चालू राहू द्यायची होती. कुणाचं आधी थांबलं असतं, ते आता कधी कळायचं?"

"त्यांना पुन्हा बोलवा एकदा," नीरजाताई म्हणाल्या.

पाध्यांनी तिथेच फोन काढला आणि सर्जेरावांना विचारलं की येत्या बुधवारी मेथी घेऊन येणार आहात का, आणि येताना इंजिन पेट्रोल पूर्ण भरून आणाल का.