भिंतीवरचं तिसरं पान

ती घटना मला आजही आठवते, आणि आठवते ती एका स्वच्छ पुसलेल्या भिंतीमुळे. तिच्यात खून नाही, दरोडा नाही. बडोद्याच्या समा भागातल्या आमच्या सोसायटीत संध्याकाळी बाकावर बसलं की मैत्रिणी म्हणतात, "एखादी केस सांग ना!" मी हीच सांगते. आधी त्या जरा हिरमुसतात, मग मुकाट ऐकतात.

मॅट्रिक होऊन मी कॉन्स्टेबल म्हणून लागले. कायदा शिकले तो जमादारांच्या शेजारी बसून, त्यांनी लिहिलेले पंचनामे पुन्हा पुन्हा वाचून. फौजदार झाले तेव्हा पाणीगेटकडच्या एका चौकीत होते. बडोद्यात त्या वर्षांत दोन गोष्टी एकदम चालल्या होत्या. एकीकडे कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे पिवळे बूथ, नव्या कारखान्यांच्या पाट्या; दुसरीकडे जुन्या मिलचे भोंगे एकेक करून बंद. अशात सरकारनं गरिबीरेषेखालच्या कुटुंबांचं घरोघर सर्वेक्षण काढलं. कच्ची यादी सात दिवस भिंतीवर लावायची, कुणाची हरकत असेल तर लेखी घ्यायची, मग ती पक्की करायची. पक्क्या यादीत नाव आलं की स्वस्त धान्य, दवाखान्यात सवलत, विधवेला पेन्शन. पण सात दिवस यादी भिंतीवर राहिली नाही, तर ती अख्खी पोळ, म्हणजे गल्ली हो, पुढच्या फेरीवर जायची. आणि पुढची फेरी कधी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

एका सकाळी हजेरी आटोपते न आटोपते तोच सर्वेक्षणाचे साहेब अर्ज घेऊन आले. साहेब कसले, पंचविशीतला दाहोदकडचा पोरगेला माणूस. चपला धुळीनं माखलेल्या.

"बेन, शाळेच्या भिंतीवरची यादी दुसऱ्यांदा काढून नेली कुणीतरी. आता तिसऱ्यांदा गेली तर पोळीचं काम थांबेल. लोक वर्षभर माझ्या तोंडाकडे बघताहेत हो."

मी अर्ज जाणवाजोग म्हणून, म्हणजे गुन्हा दाखल न करता नुसती माहिती म्हणून, नोंदवून घेतला. तेवढ्यात आमचे जमादार कानाशी आले. "मॅडम, खबर पक्की आहे. गल्ल्यावरचा, त्या पानटपरीवरचा पानवाला. त्याचं नाव यादीत नाही. चार माणसांत ओरडला, हा कागद जाळून टाकीन म्हणून."

पानवाल्याला आणलं. माझी पद्धत अशी की पहिला प्रश्न विचारायचाच नाही. पाणी द्यायचं आणि आपण कागद चाळत बसायचं. माणूस शांततेला घाबरतो.

हा घाबरला नाही. "बेन, मारुं नाम ज नथी एमां! नावच नाही माझं त्यात! यादी राहिली तर मी हरकत घेऊ शकतो. यादीच गेली तर हरकत काय तुमच्या जमादारांवर घेऊ?"

जमादारांनी डोळे वटारले. मला हसू आवरेना. माणूस तंबाखूनं माखलेले हात नाचवत बोलत होता, पण बरोबर बोलत होता. त्याला सोडलं आणि मी स्वतः जागेवर गेले.

शाळेची भिंत पाहिली आणि थबकले. रागानं फाडलेला कागद भिंतीला चिंध्या ठेवून जातो. इथे एक चिंधी नव्हती. कुणीतरी कागदाला पाणी लावून, कोपऱ्यापासून हळूहळू सोडवून, वर खळीचे डाग ओल्या फडक्यानं पुसून घेतले होते. मी जमादारांना म्हटलं, "चोरी करून भिंत पुसणारा चोर पाहिलाय कधी? हे बाईमाणसाचं काम आहे. आणि व्यवस्थित बाईमाणसाचं."

शेजारी पहिली दोन पानं जशीच्या तशी होती. साहेबांना विचारलं, तर म्हणाले, "हो, दोन्ही वेळेला तिसरंच पान गेलं. मी आपली सगळी यादी नवी लावत होतो."

म्हणजे गोष्ट उलटी होती. नाव नसलेल्या माणसानं नाही, नाव असलेल्या माणसानं पान नेलं होतं. साहेबांकडची प्रत मागवून तिसरं पान वाचलं. नावांमध्ये एकच आडनाव मराठी. मीही मराठीच, आपल्या लोकांचा स्वभाव मला ठाऊक. घरात काही नसलं तरी दारातली रांगोळी चुकायची नाही.

दुपारी साडी नेसून, एकटीच गेले. रांगोळी होतीच. साठीच्या पुढच्या काकू, एकट्या राहणाऱ्या. धुऊन धुऊन विरलेलं पातळ, पण त्याला घड्या अशा की इस्त्रीनं लाजावं. मी ओळख सांगितली.

"म्हणजे तुम्ही आपल्यातल्या!" त्या म्हणाल्या. "बसा, चहा टाकते." चहा आला तो एकच कप. "मी आत्ताच घेतला," म्हणाल्या. मी मोरीकडे पाहिलं. कप विसळल्याची कुठे ओलसुद्धा नव्हती.

"काकू, ते पान कुठंय?"

त्यांनी नाही-हो केलं नाही. गादी उचलली. दोन्ही वेळची दोन्ही पानं तिथे सपाट ठेवलेली. "फाडलं नाही हो. सरकारी कागद आहे."

मग बोलल्या. आजेसासरे संस्थानच्या कचेरीत होते, गोरगरिबांच्या अर्जांवर शिफारस लिहायचे. नवरा मिलमध्ये कारकून. मिल बंद पडली, मग दोन वर्षांत तेही गेले. सर्वेक्षणाला आलेल्या शिक्षिकेनं डबे उघडून पाहिले, प्रश्न विचारले, काकूंनी खरी उत्तरं दिली. "ती कागदावर लिहीत होती, मला वाटलं कागद कपाटात जाईल. तो भिंतीवर लावतील, हे कुणी सांगितलं? दूधवाला वाचतो, भाजीवाली वाचून घेते. परवा हळदीकुंकवाला एकीनं मला विचारलं, तुम्हीसुद्धा? काय सांगू मी?"

"तुमच्या एका पानापायी पोळीतली सगळी घरं अडकतील, काकू."

त्यांचा चेहरा उतरला. हे त्यांना माहीत नव्हतं. "मग माझं तेवढं नाव काढा. बाकीचं लावा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतः चौकीत आल्या. मी जबाब लिहून घेतला. साहेबही आले. मला वाटलं, चिडतील. कायद्यानं गुन्हा होताच. त्या माणसानं आधी खुर्ची पुढे ओढली आणि आईला हाक मारावी तसं म्हणाला, "बा, तुम्ही बसा. नाव असं मला काढता येत नाही. तो तुमचा हक्क आहे, माझी मेहेरबानी नाही. पण हरकत कुणाच्याही नावावर घेता येते, स्वतःच्यासुद्धा. हा फॉर्म. या रकान्यात लिहा की माझी परिस्थिती चांगली आहे, मला मदतीची गरज नाही. खाली सही करा. मी नाव कमी करतो."

काकूंनी पेन घेतलं. अक्षर काय सुंदर! 'माझी परिस्थिती' इथवर लिहिलं आणि हात थांबला. काकू त्या दोन शब्दांकडे बघत राहिल्या. मग टोपण लावून पेन साहेबांच्या पुढे ठेवलं.

"खोटं सही करून द्यायला जमणार नाही मला," म्हणाल्या. "खळ कुणाकडे आहे?"

"मी आणतो, बा."

"तुम्ही नका आणू. तुमची पातळ असते. म्हणून तर सुटलं इतक्या सहज."

घरी जाऊन मूठभर पिठाची खळ शिजवून आणली त्यांनी. ते पीठ डब्यातलं शेवटचं होतं की काय, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. भर सकाळी, शाळा भरायच्या वेळी, सगळ्यांच्या देखत तिसरं पान त्यांनी स्वतःच्या हातानं भिंतीवर लावलं. तळव्यानं कोपरे दाबले. कुणी हसलं नाही. पानवाला तेवढा गल्ल्यावरून उतरून आला. "मासी, तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणे. माझी हरकत लिहून द्या ना!"

"हात धुऊन ये आधी," काकू म्हणाल्या.

साहेबांनी अर्ज मागे घेतला, मी डायरीत तशी नोंद करून तो दप्तरी टाकला. सात दिवस नव्यानं मोजले गेले. ते सातही दिवस काकू शाळेच्या पायरीवर बसल्या होत्या. कुणाला नाव वाचून दाखव, कुणाची हरकत लिहून दे. आजेसासऱ्यांसारखंच, फक्त पलीकडच्या बाजूनं. यादी पक्की झाली. पानवाल्याचं नावही आलं.

या केसनं मला शिकवलं की सरकारनं गरिबासाठी कितीही चांगलं ठरवलं, तरी ते शेवटी एका भिंतीवर येऊन चिकटतं, आणि त्या भिंतीसमोर माणसं उभी असतात. त्यांना खुर्ची पुढे ओढणारा अधिकारी लागतो. दाहोदच्या त्या पोराला मी सलाम केलेला नाही, कारण हुद्द्यात बसत नव्हतं. मनातून मात्र रोज करते.

स्वस्त धान्याचं कार्ड आल्यावर काकूंचा निरोप आला, येऊन जा. गेले. त्यांनी स्टोव्ह पेटवला, आधण ठेवलं, आणि फळीवरून कप काढले. दोन.